राइट-क्लिकचा मेनू: आधी उपसा, मग भरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर आहेत, एकावर विंडोज 10 आणि नव्यावर विंडोज 11. जुन्या मशीनवर फाइलवर राइट-क्लिक केलं की चार-पाच सेकंद नुसतं गोल फिरत राहतं, मग हातभर लांब यादी येते. नव्यावर मेनू पटकन येतो, पण हवं ते त्यात नसतं. दिवसभर तीच कामं: फोटो आणि सही लहान करणं, गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये कागदपत्रं टाकणं, प्रिंट काढणं. हे सगळं राइट-क्लिकमध्ये आणता येईल का, आणि एका मशीनवर केलेलं दुसऱ्यावर नेता येईल का?

दोन्ही येतं. मी वीसेक वर्षं अशाच दुकानांची, छापखान्यांची आणि शाळांच्या कार्यालयांची मशीनं सांभाळतो. बहुतेक लोक सुरुवात उलट्या टोकाने करतात. मेनूत आणखी काय घालता येईल ते आधी शोधतात, एखादं सॉफ्टवेअर उतरवून घेतात, आणि पंचवीस ओळींचा मेनू पस्तीस ओळींचा होतो. नजरेला हवी ती ओळ शोधायला लागणारा वेळ हाच खरा खर्च असतो. म्हणून मेनू आधी उपसायचा आणि मगच भरायचा.

जुन्या मशीनचं दुखणं आधी घेऊ.

राइट-क्लिक मेनूतल्या ओळी दोन जातीच्या असतात. काही साध्या असतात: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, एक नाव आणि एक आज्ञा लिहिलेली असते, तिच्याकडून काही त्रास नसतो. दुसऱ्या जातीत प्रत्येक ओळीमागे एखाद्या सॉफ्टवेअरची डीएलएल फाइल, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, असते. ती फाइल एक्स्प्लोररच्या, म्हणजे फायली-फोल्डर दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामच्या, पोटात शिरते, आणि तुम्ही राइट-क्लिक केलंत की एक्स्प्लोरर तिला विचारतो, ‘या फाइलसाठी तुला काही दाखवायचंय का?’ तिने उत्तर देईपर्यंत मेनू थांबतो. कधीकाळी बसवलेला स्कॅनर, बंद पडलेली क्लाउड सेवा, तीन वर्षांपूर्वीचा पीडीएफ कन्व्हर्टर, या सगळ्यांची हजेरी प्रत्येक क्लिकला घेतली जाते. त्यातला एक जरी बंद सर्व्हरकडे डोकावत बसला, तरी सगळ्यांना ताटकळावं लागतं. आणि एखादी डीएलएल कोसळली तर ती एक्स्प्लोररला सोबत घेऊन पडते. टास्कबार क्षणभर गायब होऊन परत येतो तो प्रकार पुष्कळदा हाच असतो.

एका छापखान्यात राइट-क्लिकला आठ सेकंद लागत होते. मालकांनी रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, तरी आठच सेकंद. शेवटी सापडला तो एका जुन्या फॅक्स सॉफ्टवेअरचा अवशेष. सॉफ्टवेअर काढून टाकलेलं होतं, पण मेनूतली त्याची नोंद तशीच राहिली होती. ती बंद केली आणि मेनू लगेच उघडू लागला.

हे शोधायला मी निरसॉफ्टचं शेल-एक्स-व्ह्यू वापरतो. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. तुमचं विंडोज 64 बिटचं असेल तर आवृत्तीही 64 बिटचीच घ्या, नाहीतर अर्ध्या नोंदी दिसणारच नाहीत. उघडल्यावर ‘टाइप’ या रकान्यावर क्लिक करून यादी लावून घ्या आणि ‘कॉन्टेक्स्ट मेनू’ लिहिलेल्या ओळींपाशी या. मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या नोंदी गुलाबी रंगात दिसतात. मायक्रोसॉफ्टच्या नोंदींना हात लावू नका. गुलाबीपैकी निम्म्या निवडा आणि एफ7 दाबा, त्या बंद होतात. मग टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्स्प्लोरर’वर जाऊन ‘रीस्टार्ट’ करा आणि राइट-क्लिक करून बघा. वेग आला तर गुन्हेगार त्या निम्म्यात आहे, नाही आला तर उरलेल्या निम्म्यात. एफ8 ने परत चालू करता येतात. असं निम्मं-निम्मं करत गेलात की वीस नोंदींमधला दोषी चार-पाच फेऱ्यांत हाती लागतो. एकेक बंद करून बघत बसलात तर दुपार जाते.

यात काहीही पुसलं जात नाही, नोंदी फक्त बंद होतात. म्हणून हे काम निर्धास्तपणे करा. जुने अवशेष, न वापरलेल्या क्लाउड सेवा, ‘अमुक प्लेअरमध्ये लावा’ छापाच्या ओळी, सगळं बंद. एक ओळ मात्र ठेवा: अँटिव्हायरसने फाइल तपासण्याची. तुमच्याकडे दिवसाला दहा अनोळखी पेनड्राइव्ह येतात, ती ओळ तुमच्या दुकानाची कडी आहे.

डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट-क्लिक केल्यावरच वेळ लागतो आणि फाइलवर केल्यावर लागत नाही, असं असेल तर बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरची नोंद दोषी असते. तीही याच पद्धतीने बंद होते आणि पडद्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. आणि मेनूतल्या ‘सेंड टू’ (फाइल दुसरीकडे पाठवण्याची ओळ) वर माउस नेल्यावरच अडकत असेल, तर बंद असलेला नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला राहिलाय का ते बघा.

फायली झिप करणाऱ्या सेव्हन-झिपसारख्या प्रोग्रामसाठी वेगळं काही लागत नाही. त्याच्या स्वतःच्या ऑप्शन्समध्ये मेनूत काय दाखवायचं त्याची टिकांची यादी असते. मी तिथे दोनच ठेवतो: ‘इथेच उघडा’ आणि ‘झिप करा’. ईमेलने पाठवण्याच्या वगैरे ओळी काढून टाकतो.

आता नव्या मशीनचं. विंडोज 11 ऑक्टोबर 2021 मध्ये आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने हा मेनू मुद्दाम छाटला. कारण त्यांनीच सांगितलं होतं: वीस वर्षं वाटेल त्याने ओळी घातल्यामुळे मेनू बेसुमार वाढला होता, कट-कॉपी-पेस्ट माउसपासून लांब पडले होते, आणि एक्स्प्लोररच्या आत चालणाऱ्या त्या डीएलएलमुळे वेग जात होता. म्हणजे तुमची जी तक्रार जुन्या मशीनबद्दल आहे, तीच. त्यांनी कट, कॉपी, रीनेम, डिलीट ही चित्रं वर आणली आणि बाकीचा जुना मेनू ‘शो मोर ऑप्शन्स’च्या मागे ढकलला. नव्या छोट्या मेनूत फक्त नव्या पद्धतीने बांधलेले ॲपच स्वतःची ओळ घालू शकतात. तुम्ही रजिस्ट्रीत लिहिलेल्या ओळी आणि सेंड टू हे जुन्या मेनूतच दिसतात.

रजिस्ट्रीत एक नोंद घालून जुना मेनू कायमचा परत आणता येतो, आणि पुष्कळ जण तेच करा म्हणून सांगतील. मी दुकानांत ते करत नाही. त्यापेक्षा डावा हात कामाला लावा: शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलं की पूर्ण मेनू थेट उघडतो, मधली पायरी लागत नाही. साधं राइट-क्लिक म्हणजे रोजची चार कामं, शिफ्टसह राइट-क्लिक म्हणजे आपली खास कामं. दोन दिवसांत हाताला सवय होते. कीबोर्डवरून हवं असेल तर शिफ्ट आणि एफ10. पूर्वी उजव्या कंट्रोलच्या शेजारी मेनूचीच एक कळ असायची, हल्लीच्या लॅपटॉपवर तिच्या जागी बऱ्याचदा कोपायलटची (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाची) कळ येते, म्हणून शिफ्ट-एफ10 लक्षात ठेवलेलं बरं.

आता भरायला सुरुवात. पहिला मान सेंड टूचा. एवढी उपयोगी आणि एवढी दुर्लक्षित दुसरी सोय विंडोजमध्ये मी पाहिलेली नाही. रजिस्ट्री नाही, सॉफ्टवेअर नाही, ॲडमिनचा पासवर्ड नाही. विंडोजची कळ आणि आर दाबा, जी छोटी चौकट येते तिच्यात शेल, मग कोलन, मग सेंडटू असं इंग्रजीत सलग लिहा, मध्ये जागा सोडू नका. एंटर दाबलं की एक फोल्डर उघडतो. त्यात जे शॉर्टकट असतील ते सेंड टूच्या यादीत दिसतात. फॅक्स, ब्लूटूथ वगैरे लागत नसतील तर ते शॉर्टकट तिथून उचलून दुसरीकडे ठेवा.

मग आपले शॉर्टकट घाला. तुमच्यासाठी मी असे घातले असते: ‘1 आजचे अर्ज’, ‘2 प्रिंटला’, ‘3 सही-फोटो’, ‘4 परत द्यायचे’. हे चारही साधे फोल्डर, त्यांचे शॉर्टकट सेंड टूमध्ये. नावं खुशाल मराठीत ठेवा, मेनूत नीट दिसतात. पुढचा आकडा मुद्दाम घातलाय. त्याने तुमच्या ओळी यादीत वर येतात, आणि दुसरा फायदा असा की माउस न हलवता काम होतं. जुना मेनू उघडा, ‘सेंड टू’मधलं अधोरेखित एन दाबा, मग 1 दाबा, की फाइल आजच्या अर्जांत गेली. शिफ्टसह मेनू उघडलात तर सेंड टूच्या यादीत डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स असे जास्तीचे फोल्डरही दिसतील. बावरू नका, आकड्यांमुळे तुमच्या ओळी चटकन सापडतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर गिऱ्हाइकासमोर धांदल होईल. फोल्डरला सेंड टू केल्यावर ओढून टाकण्याचाच नियम लागतो. फाइल आणि फोल्डर एकाच ड्राइव्हवर असतील तर फाइल तिकडे हलते, ड्राइव्ह वेगळे असतील तर तिची प्रत होते. पेनड्राइव्हवरून डी ड्राइव्हला पाठवलंत तर प्रत, मूळ पेनड्राइव्हवर शाबूत. पण डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमधून डी ड्राइव्हवरच्याच दुसऱ्यात पाठवलंत तर मूळ जागा रिकामी. एका शाळेच्या कार्यालयात मी सेंड टू लावून दिलं आणि हे सांगायला विसरलो. दुसऱ्या दिवशी क्लार्क मॅडमचा फोन, ‘सर, दाखल्यांचा फोल्डरच रिकामा झाला!’ फायली सुखरूप होत्या, फक्त दुसऱ्या फोल्डरमध्ये. पण त्या तासाभरात त्यांच्या जिवाला जो घोर लागला तो माझ्या एका वाक्याने वाचला असता. सेंड टूवर क्लिक करताना कंट्रोल दाबून ठेवलं तर हमखास प्रतच होते, शिफ्ट दाबलं तर फाइल हलते.

प्रोग्रामचा शॉर्टकट तिथे ठेवला तर निवडलेली फाइल त्या प्रोग्राममध्ये उघडते. ‘ओपन विथ’च्या यादीत चाचपडण्यापेक्षा हे कितीतरी जलद. बॅच फाइल (ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल) ठेवली तर निवडलेल्या सगळ्या फायलींची नावं तिला एकदम मिळतात, फक्त फार फायली एका वेळी पाठवू नका: कमांड प्रॉम्प्टची एक ओळ 8191 अक्षरांपर्यंतच जाते आणि आपल्याकडची फोल्डरांची नावं लांबलचक असतात.

माउसबद्दल एक सांगायचं राहून जाईल म्हणून इथेच सांगतो. फाइल डाव्या बटणाने ओढतो तशी उजव्या बटणाने ओढून बघा. सोडताना छोटा मेनू येतो: इथे प्रत करा, इथे हलवा, इथे शॉर्टकट करा. हलली की प्रत झाली हा संशयच उरत नाही. मी नव्या माणसाला आधी हेच शिकवतो.

फोटो आणि सहीसाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज घ्या. फुकट आहे, आणि त्याच्या ओळी विंडोज 11 च्या नव्या छोट्या मेनूतही दिसतात. त्यात पंचवीस-तीस साधनं आहेत. सुरुवातीलाच सगळी बंद करा आणि तीनच चालू ठेवा: इमेज रिसायझर, पॉवर-रीनेम आणि न्यू प्लस.

इमेज रिसायझरच्या सेटिंगमध्ये आयते आकार दिलेले असतात, लहान, मध्यम, मोठा, फोनसाठी वगैरे. ते काढून टाका. तुमचे दोन-तीन बनवा. पासपोर्ट फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा धरला तर 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) तो साधारण 413 बाय 531 पिक्सेल होतो, 200 डीपीआयला 276 बाय 354. मी सेंटिमीटरपेक्षा पिक्सेलमध्येच आकार देतो, कारण सेंटिमीटरचा हिशेब फोटोत नोंदलेल्या डीपीआयवर चालतो आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधून आलेल्या फोटोत तो काहीही असू शकतो. एका आकाराचं नाव ‘पासपोर्ट छपाई’, दुसऱ्याचं ‘पासपोर्ट अपलोड’, तिसऱ्याचं ‘सही’. बसवण्याच्या पद्धतीत ‘फिट’ आणि ‘फिल’ यांतला फरक महत्त्वाचा. फिट पूर्ण फोटो चौकटीत बसवतो, कडा कापत नाही, पण दिलेलं माप नेमकं येईलच असं नाही. फिल माप नेमकं देतो, पण जास्तीचं कापतो, आणि कपाळ कापलेला फोटो अर्ज भरताना कुणाच्या लक्षात येत नाही, परत आल्यावर येतो. म्हणून पासपोर्टसाठी आधी हाताने क्रॉप करा, मग फिल. सहीसाठी सरळ फिट.

केबीची मर्यादा मात्र इमेज रिसायझरला सांगता येत नाही. ‘50 केबीच्या आत आण’ अशी सोय त्यात नाही. माप आणि जेपेगचा दर्जा ठरवायचा आणि फाइल किती केबीची झाली ते बघायचं. दोन-चार फोटोंवर चाचणी घेऊन दर्जाचा आकडा एकदा बसवलात की पुढचे बहुतेक फोटो मर्यादेत येतात. मूळ फोटोवरच बदल करण्याची एक टीक असते, ती कधीही लावू नका. गिऱ्हाईक महिन्याने परत येऊन मोठी प्रिंट मागतं.

न्यू प्लस हे मला तुमच्या धंद्यासाठी सगळ्यांत मोलाचं वाटतं. पॉवरटॉइजमध्ये ते 2024 मध्ये आलं. एका ठरलेल्या फोल्डरमध्ये तुम्ही नमुने ठेवायचे. मग कुठल्याही मोकळ्या जागेवर राइट-क्लिक करून न्यू प्लसमधून तो नमुना निवडला की त्याची ताजी प्रत तिथे तयार. नमुना म्हणजे फक्त फाइल असं नाही, अख्खा फोल्डर चालतो, आतल्या फोल्डरांसकट. तुमच्यासाठी ‘नवे गिऱ्हाईक’ नावाचा फोल्डर बनवा. त्याच्या आत ‘फोटो’, ‘सही’, ‘मूळ कागदपत्रे’, ‘भरलेला अर्ज’, ‘पावती’ असे पाच रिकामे फोल्डर. शिवाय वर्डची एक फाइल, जिच्यात नाव, मोबाइल, अर्ज क्रमांक आणि पासवर्डाची सूचना एवढेच रकाने. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की राइट-क्लिक, न्यू प्लस, नवे गिऱ्हाईक. नाव बदललं की फाइलिंग झालं. प्रत्येकाचे कागद एकाच रचनेत राहतात, त्यामुळे दुकानात मदतीला भाचा बसला तरी त्याला पावती कुठे असेल ते विचारावं लागत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, साधं प्रतिज्ञापत्र, भाडेकरार यांचे कोरे नमुनेही तिथेच ठेवा. जुनी फाइल उघडून त्यावर लिहायचं आणि चुकून सेव्ह करायचं, हा अपघात त्याने कायमचा टळतो. एका गिऱ्हाइकाच्या प्रतिज्ञापत्रात दुसऱ्याच्या वडिलांचं नाव राहून गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. स्टॅम्प पेपर वाया गेला, आणि त्या माणसाची एसटीही चुकली.

पॉवर-रीनेमबद्दल एवढंच: स्कॅनरमधून आलेल्या चाळीस फायलींना एकदम नाव द्यायचं असेल तेव्हा तो हाताशी असावा. बदल करण्याआधी नवी नावं शेजारी दाखवतो, ती वाचूनच पुढे जा.

प्रिंटमध्ये एक अडचण तुम्हाला नक्की आली असणार, भले तुम्ही लिहिली नसेल. पंधरा फायली निवडून राइट-क्लिक केलं तर ‘प्रिंट’ दिसतं. सोळावी निवडली की गायब. मशीन बिघडलं असं वाटतं, पण ती विंडोजने मुद्दाम घातलेली मर्यादा आहे: चुकून शंभर फायली एकदम उघडू नयेत म्हणून पंधराच्या वर ‘ओपन’, ‘एडिट’, ‘प्रिंट’ या ओळी लपवल्या जातात. बदलायची असेल तर रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट-व्हर्जन, एक्स्प्लोरर इथपर्यंत जा. तिथे मल्टिपल-इन्व्होक-प्रॉम्प्ट-मिनिमम या नावाची 32 बिटची डीवर्ड (आकडा ठेवणारी) नोंद करा, नाव इंग्रजीत, जोडून, मध्ये रेघ न देता. आकडा घालताना ‘डेसिमल’ निवडा. ते न निवडता 30 लिहिलंत तर विंडोज ते 48 समजतं. मी 30 ठेवतो. त्याहून जास्त ठेवू नका, कारण हीच मर्यादा चुकून एंटर दाबल्यावरही तुमचं रक्षण करते.

रजिस्ट्रीचं दार उघडलंच आहे तर स्वतःची ओळ कशी घालायची तेही एकदा जवळून बघा. समजा, कुठल्याही फाइलवर ‘नोटपॅडमध्ये उघडा’ हवं आहे. एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, क्लासेस इथे जा. पुष्कळ ठिकाणी एचकी क्लासेस रूटमध्ये लिहायला सांगतात, पण ते सगळ्या युजरांच्या आणि तुमच्या नोंदींचं एकत्र चित्र आहे. करंट युजरखाली लिहिलेलं फक्त तुमच्यापुरतं राहतं, ॲडमिन लागत नाही आणि चुकलं तर बाकीच्यांना झळ नाही. क्लासेसखाली * नावाची ‘की’ (रजिस्ट्रीतला फोल्डर) करा, नाव म्हणजे नुसतं तारांकित चिन्ह, त्याचा अर्थ ‘सर्व प्रकारच्या फायली’. तिच्या आत शेल, शेलच्या आत तुमची की, तिचं नाव इंग्रजीत काहीही. त्या कीच्या डिफॉल्ट नोंदीत ‘नोटपॅडमध्ये उघडा’ असं मराठीत लिहा, मेनूत हेच दिसेल. तिच्या आत आणखी एक की, कमांड. कमांडच्या डिफॉल्टमध्ये नोटपॅड डॉट ईएक्सई हे इंग्रजीत, मग एक जागा, मग अवतरण चिन्हांसकट "%1". ते %1 म्हणजे तुम्ही क्लिक केलेली फाइल. झालं, लगेच दिसायला लागतं, रीस्टार्ट नको.

अवतरण चिन्हं विसरू नका. ती नसली की नावातल्या मोकळ्या जागेपाशी फाइलचं नाव तुटू शकतं, आणि ‘सुनीता फोटो’ नावाच्या फाइलऐवजी प्रोग्राम ‘सुनीता’ शोधत बसतो. रजिस्ट्रीतून घातलेली आज्ञा प्रत्येक फाइलसाठी वेगळी चालते, हेही ध्यानात ठेवा. दहा फायली निवडल्यात तर नोटपॅड दहा वेळा चालवलं जाईल. एकत्र काम हवं असेल तर सेंड टूच योग्य.

त्याच कीमध्ये एक्स्टेंडेड नावाची रिकामी स्ट्रिंग (मजकुराची) नोंद केली तर ती ओळ फक्त शिफ्टसह राइट-क्लिक केल्यावरच दिसते. क्वचित लागणारी कामं मी अशीच मागे ठेवतो. आणि आधीपासूनची एखादी साधी ओळ नको असेल तर ती की पुसू नका, तिच्यात लेगसी-डिसेबल नावाची रिकामी स्ट्रिंग करा, नाव जोडून. ओळ लपते. परत हवी झाली की ती स्ट्रिंग काढायची.

काही बदलण्याआधी ती शाखा, म्हणजे ती की आणि तिच्या आतलं सगळं, एक्स्पोर्ट करून ठेवाच. पण एक गैरसमज मी फार जणांमध्ये बघतो. एक्स्पोर्ट केलेली फाइल डबल-क्लिक करून परत घातली म्हणजे सगळं पूर्वीसारखं होतं, असं नाही. जुन्या नोंदी जुन्या किमतीवर येतात, पण तुम्ही नव्याने घातलेल्या की तशाच राहतात, त्या हाताने पुसाव्या लागतात. म्हणून दुकानात टेबलाच्या खणात एक वही ठेवा: तारीख, कुठे गेलो, कोणती की घातली. माझ्या अशा तीन वह्या भरल्यात.

राहिलं दुसऱ्या मशीनवर नेणं. सेंड टूचा फोल्डर तसाच कॉपी करून तिकडच्या सेंड टूमध्ये टाका. पण शॉर्टकट जिकडे बोट दाखवतात ते फोल्डर दोन्हीकडे एकाच पत्त्यावर हवेत. डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेत तर पत्त्यात युजरचं नाव येतं आणि दुसरीकडे शॉर्टकट तुटतो. म्हणून दोन्ही मशीनवर डी ड्राइव्हवर ‘दुकान’ असा एकच फोल्डर करा आणि सगळं त्याच्या आत. पॉवरटॉइजच्या ‘जनरल’ पानावर बॅकअप आणि रिस्टोरची बटणं आहेत, न्यू प्लसचे नमुने मात्र वेगळे कॉपी करा, तेही त्या ‘दुकान’ फोल्डरमध्येच ठेवलेत तर उत्तम. विंडोज 10 चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, आणि तुमच्याकडे लोकांची आधार कार्डं असतात, तेव्हा ते मशीन पुढेमागे बदलावं लागणारच. ही तयारी तेव्हाही कामी येईल.

रजिस्ट्रीतली शाखा एक्स्पोर्ट करून तिकडे डबल-क्लिक केली की तुमच्या ओळी तिथेही येतात. एक्स्पोर्ट केलेली फाइल मध्येच नोटपॅडमध्ये उघडून काही दुरुस्त केलंत, तर सेव्ह करताना खालचं एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) ‘यूटीएफ-16 एलई’ आहे ना ते बघा. ते यूटीएफ-8 झालं तर इंग्रजी ओळी ठीक येतात, पण ‘नोटपॅडमध्ये उघडा’च्या जागी मेनूत विचित्र चिन्हांची रांग दिसते. तसं झालंच तर घाबरू नका, फाइल परत उघडा, एन्कोडिंग बदलून सेव्ह करा आणि पुन्हा डबल-क्लिक करा, वरचं नाव आपोआप नीट होईल.